नागिणीची नोंद

(दृश्य : सहाण, गेरू, म्हाताऱ्या हाताची बोटं)

मिरज तालुक्यातल्या या गावात नागीण उठली, की माणूस आधी या ओट्यावर येतो. बाबा सहाणेवर गेरू उगाळतात आणि पाठीपासून छातीपर्यंत गेलेल्या फोडांच्या कडेकडेनं बोट फिरवतात, एकाही फोडाला धक्का न लावता. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळली की माणूस दगावतो, अशी समजूत. खरं तर ती सहसा जुळतच नाही. शरीराच्या एकाच बाजूला, एका मज्जातंतूच्या पट्ट्यात ती उठते आणि मध्यावर येऊन थांबते.

(दृश्य : हरिपूर, पेवाचं तोंड, आत उतरणारा कंदील)

कृष्णा-वारणेच्या संगमावरचं हरिपूर. हे हळदीचं पेव. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, खाली प्रशस्त पोट. भाव येईपर्यंत हळद इथं वर्षानुवर्षं पडून राहायची. लहानपणी कांजिण्या होऊन जातात, पण त्यांचा विषाणू असाच मणक्यालगतच्या मज्जागाठींत दडून राहतो, पन्नास-साठ वर्षंसुद्धा. वयानं प्रतिकारशक्ती उतरली, की मज्जातंतूच्या वाटेनं वर येतो. तीच नागीण.

अशा दडून राहणाऱ्या विषाणूंचा आणि विसरभोळेपणाच्या आजाराचा, म्हणजे डिमेन्शियाचा, काही संबंध आहे का? मँचेस्टरच्या रूथ इत्झाकी यांना १९९१ साली वृद्धांच्या मेंदूत हर्पिसचा डीएनए सापडला. तापात ओठांवर फोड आणणारा हा वेगळा विषाणू, नागिणीच्याच कुळातला. त्याचा अल्झायमरशी संबंध आहे, हे त्यांचं म्हणणं कित्येक वर्षं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. २०२२मध्ये अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात, प्रयोगशाळेत वाढवलेल्या मेंदूच्या पेशींवर दिसलं, की नागिणीचा विषाणू या निद्रिस्त हर्पिसला जागं करतो, आणि मग अल्झायमरमध्ये आढळतात तशी प्रथिनं साचू लागतात.

सगळ्यात भक्कम पुरावा मात्र एका सरकारी नियमातून मिळाला. वेल्समध्ये १ सप्टेंबर २०१३ला वृद्धांना नागिणीची लस देणं सुरू झालं. ज्यांना तोवर ८० पूर्ण झाली होती, त्यांना ती कधीच मिळणार नव्हती. २ सप्टेंबर १९३३ला किंवा नंतर जन्मलेला पात्र, आदल्या आठवड्यात जन्मलेला अपात्र. दोघांचं खाणंपिणं, शिक्षण, ऐपत साधारण सारखीच, फरक तारखेचा. स्टॅनफर्डचे पास्काल गेल्डसेट्झर आणि सहकाऱ्यांनी २,८०,०००हून अधिक वृद्धांच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासल्या. सात वर्षांत, लस घेतलेल्यांमध्ये डिमेन्शिया सुमारे २० टक्क्यांनी कमी. एप्रिल २०२५मध्ये हे ‘नेचर’मध्ये छापून आलं.

कारकुनांनी नीट लिहिलेल्या तारखा होत्या, म्हणून हे कळलं.

(दृश्य : पारावर बसलेली मंडळी, आधार कार्डं, नंबर झाकलेले)

तासगाव तालुका. १ जून. १ जून. हेही १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली तारीख. जन्म कधीचा विचारलं, तर या आजी सांगतात, “पत्री सरकारच्या टायमाला.” म्हणजे स्वातंत्र्याआधी, चाळीसच्या दशकात कधीतरी. नागिणीचंही तेच. ओट्यावर वही नाही, आणि आरोग्य केंद्रापर्यंत पेशंट पोचत नाही. पुढे काही वर्षांनी तोच माणूस शेतातून घरची वाट चुकला, तर ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून घरातच विषय मिटतो.

(दृश्य : सोपा, संध्याकाळ. आजोबा पुन्हा विचारतात, “गुरं बांधली का?” इथं निवेदन नाही. आजींचं उत्तर पूर्ण ऐकू द्यावं.)

फोड उठल्यापासून ७२ तासांत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या, तर गुण चांगला येतो. लस आपल्याकडे पन्नाशीपुढच्यांना मिळते, वेल्समधल्यापेक्षा वेगळी आणि नवी. पण सरकारी लसीकरणात ती नाही, आणि दोन डोसांचे पैसे शेतमजुराला झेपणारे नाहीत.

(दृश्य : आशाताई, मांडीवर वही)

घरोघर फिरून आशाताई रक्तदाब, साखर, तंबाखू लिहून घेतात. आज आमच्या सांगण्यावरून त्यांनी आणखी एक विचारलं.

“नागीण उठली होती का कधी?”

“महापुराच्या वर्षी.”

“कुठल्या, काका? २००५ का २०१९?”

“१९च्या. घरात पाणी होतं तेव्हा.”

एवढ्यानं साल मिळालं. जिल्हा परिषदेनं या वहीत नागिणीचा एक रकाना वाढवावा आणि तो दर वर्षी भरून घ्यावा, ही आमची मागणी आहे.