एका घोट्याचा हिशेब

नमस्कार. बाहेरच्या फलकावर आजचा विषय ‘जखमी खेळाडू, महागडा करार : दोष कोणाचा?’ असा लिहिला आहे. माझा अनुभव असा की अशा विषयात गोष्टी सांगता सांगता वेळ संपते आणि मुद्दा राहून जातो, म्हणून माझं उत्तर आधीच सांगून टाकते. अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधल्या ऑर्लँडो मॅजिक या संघानं 2000 साली ग्रँट हिल या खेळाडूला सव्वानऊ कोटी डॉलरचा करार दिला, ती चूक नव्हती. चूक त्यानंतर जेमतेम तीन महिन्यांनी झाली आणि ती कुणाच्याही नावावर लिहिली गेली नाही.

सध्या हा वाद पुन्हा पेटलाय तो त्याच लीगमधल्या फिलाडेल्फिया संघाच्या जोएल एम्बीडमुळे. 2024 मध्ये त्याला तीन वर्षांसाठी 19.3 कोटी डॉलरची मुदतवाढ मिळाली आणि 2024-25 च्या हंगामात गुडघ्यानं त्याला फक्त 19 सामने खेळू दिले. लगेच कुजबुज सुरू : ज्यानं सही केली त्याला काढा, खेळाडू पैसे घेऊन बसलाय. माझ्याकडे सकाळी खेळायला येणारी पोरंसुद्धा हेच बोलतात, आणि अगदी ठासून बोलतात. या पोरांचा 2000 साली जन्मही झाला नव्हता, म्हणून त्यांना मी हिलची गोष्ट सांगते. समोर जुनी मंडळी दिसतायत, तुम्हाला हिल आठवत असणार. ड्यूक विद्यापीठाकडून 1991 आणि 1992 अशी सलग दोन राष्ट्रीय विजेतेपदं. केंटकीविरुद्ध शेवटच्या दोन सेकंदांत अख्ख्या कोर्टाच्या लांबीचा तो पास, ज्यावर त्याच्याच संघातल्या लेटनरनं बास्केट केली, तो पास देणारे हात हिलचे. मग डेट्रॉईटमध्ये सहा वर्षं, सरासरी साधारण 21 गुण, 8 रिबाउंड म्हणजे हुकलेले चेंडू पकडणं, 6 असिस्ट म्हणजे बास्केट घडवणारे पास. फॉरवर्डच्या, म्हणजे पुढच्या फळीतल्या, जागी खेळणारा माणूस आख्ख्या संघाचा खेळ चालवायचा. आज लेब्रॉन जेम्समुळे त्याचं कुणाला नवल वाटत नाही, तेव्हा वाटायचं.

एप्रिल 2000. प्लेऑफ, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्या, तोंडावर आलेले, डेट्रॉईटचा सगळा भार हिलवर, आणि त्याचा डावा घोटा दुखायला लागलेला. तो खेळत राहिला. मायामीविरुद्धच्या दुसऱ्या सामन्यात घोट्यानं साथ सोडली. हाड मोडलेलं निघालं. शस्त्रक्रिया झाली. त्याच उन्हाळ्यात त्याचा जुना करार संपला, आणि 3 ऑगस्टला तो ऑर्लँडोचा झाला. सात वर्षं, 9 कोटी 28 लाख 80 हजार डॉलर.

इथे जरा थांबा. ऑर्लँडोनं सही केली तेव्हा घोट्याची गोष्ट लपलेली होती का? अजिबात नाही. सगळ्या जगाला माहीत होती. मग सही करणारे वेडे होते का? त्या उन्हाळ्याचं चित्र डोळ्यांपुढे आणा. आदल्या हंगामात ऑर्लँडो 41 जिंकून 41 हरलेला संघ, नावाजलेला खेळाडू एक नाही, आणि तरीही डॉक रिव्हर्सना वर्षाचा सर्वोत्तम प्रशिक्षक ठरवलं गेलं. जनरल मॅनेजर जॉन गॅब्रिएल यांनी एकेक करार मोकळा करत पगाराची जागा रिकामी केली होती, कारण लीगमध्ये संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असते. मॅजिकच्या भेटीला सॅन अँटोनियो संघाचा तारा टिम डंकन येऊन गेला होता, पण तो सॅन अँटोनियोलाच परतला. टोरंटोहून 21 वर्षांचा ट्रेसी मॅकग्रेडी येत होता. अशा वेळी 27 वर्षांचा, कारकिर्दीच्या ऐन भरात असलेला, नुकताच सामन्यामागे पंचवीसवर गुण करून आलेला खेळाडू हो म्हणतोय. घोट्याचं हाड मोडलेलं असतं तसं जुळतंही. त्या दिवशी, त्या टेबलापाशी तुम्ही किंवा मी बसलो असतो तर आपणही सही केली असती. पुढे काय झालं हे ठाऊक असताना मागच्या माणसाला मूर्ख ठरवणं फार सोपं असतं. न्याय करायचा तर 3 ऑगस्टला जे माहीत होतं त्यावर करा.

एक बाजूची गोष्ट, पण ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. हा व्यवहार साधी भरती नव्हती. डेट्रॉईटनं सही करून मग खेळाडू ऑर्लँडोला पाठवायचा, अशी त्याची रचना होती. त्यामुळे हिलला सहाऐवजी सात वर्षं आणि दरवर्षी साडेबारा टक्क्यांची वाढ मिळाली. बदल्यात डेट्रॉईटला गेले दोघं, चकी ॲटकिन्स आणि बेन वॉलेस. वॉलेसला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, कुणी उचललंसुद्धा नव्हतं. तोच पुढे चार वेळा वर्षाचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. 2003 च्या प्लेऑफच्या पहिल्या फेरीत ऑर्लँडो डेट्रॉईटवर 3-1 अशी आघाडी घेऊन बसला होता आणि मालिका 4-3 नं हरला. त्या डेट्रॉईटच्या मधोमध वॉलेस उभा होता. पुढच्याच वर्षी डेट्रॉईट विजेता! आता लोक म्हणतात, बघा, हिलसाठी वॉलेस घालवला. अहो, वॉलेस पुढे एवढा मोठा होईल हे 2000 मध्ये कोण म्हणत होतं? ज्यांनी म्हटलं असेल त्यांनी हात वर करावा. नाही ना कुणी?

आता हिलचे आकडे. पहिल्या हंगामात 4 सामने. दुसऱ्यात 14. तिसऱ्यात 29. चौथ्यात शून्य. चार वर्षांत 328 पैकी 47.

आणि हे 47 सामने तो कोणत्या अवस्थेत खेळला ते ऐका, कारण ‘फुकटचा पगार’ हा शब्द मला सहन होत नाही. एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. मार्च 2003 मध्ये डॉक्टरांनी ठरवलं की घोट्यावर वजन मुळातच चुकीच्या कोनातून येतंय, तेव्हा हाड मुद्दाम पुन्हा तोडून पायाच्या हाडाशी नीट रेषेत जोडायचं. ते केलं. पाच दिवसांनी त्याला 104.5 फॅरेनहाइट ताप. अंग झटके देऊ लागलं. पट्टी सोडली तर शस्त्रक्रियेच्या जागेभोवतीची कातडी लालभडक सुजलेली. नेहमीच्या अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या एमआरएसए जिवाणूंचा संसर्ग झाला होता. माणूस दगावू शकला असता. सहा महिने शिरेतून औषध चालू होतं. सहा महिने! त्या काळात पगार मिळाला म्हणून त्याला कामचुकार म्हणणाऱ्यानं एकदा हॉस्पिटलच्या खाटेवर सहा दिवस सलाईन लावून पडून बघावं. बरं, तो पुन्हा उभा राहिला, 2004-05 मध्ये 67 सामने खेळला, सामन्यामागे जवळजवळ 20 गुण केले आणि लोकांच्या मतांवर ऑल-स्टार, म्हणजे लीगमधल्या निवडक ताऱ्यांच्या, संघात गेला. पैसे घेऊन बसायचं असतं तर तो बसू शकला असता. करार पूर्ण हमीचा होता. घरी बसला असता तरी एक डॉलर कमी झाला नसता.

हे मला इतकं का टोचतं? कारण मी हे आपल्या मैदानांवर रोज बघते. काही वर्षांपूर्वी आंतरजिल्हा स्पर्धेतल्या एका उपांत्य सामन्यात दुसऱ्या बाजूच्या संघातली एक पोर, पंधरा वर्षांची, लेअप करून, म्हणजे बास्केटजवळ उडी मारून चेंडू टाकून, खाली येताना दुसरीच्या पायावर पडली. घोटा आत वळला. आवाज मला पलीकडच्या बाकावरून ऐकू आला. तिला बाहेर आणलं, बूट काढला नाही, मोज्यावरूनच गार स्प्रे मारला. स्प्रेचा तो कापरासारखा वास आणि पांढरा थर तुम्ही ओळखता. वरून क्रेप बँडेज ओढून बांधलं, बुटाची लेस करकचून आवळली आणि तिच्या प्रशिक्षकांनी विचारलं, ‘खेळशील ना?’ आता मला सांगा, पंधरा वर्षांची मुलगी, आई-वडील गॅलरीत, पाच मिनिटं बाकी, दोन गुणांनी मागे, ती काय म्हणणार? ‘हो सर’ म्हणाली. उतरली. सामना संपल्यावर बूट उतरवला तेव्हा मोज्याच्या वर घोटा लिंबाएवढा फुगलेला आणि टाचेपर्यंत काळानिळा. त्या मुलीचा पुढचा अख्खा हंगाम गेला, आणि ती परत आली तेव्हा उडी मारायची तर आधी खाली बघायची. तिच्या शाळेत मात्र सगळ्यांनी कौतुक केलं, काय जिगर आहे म्हणून! त्या ‘खेळशील ना?’ला मी प्रश्न मानत नाही. ज्याला ‘नाही’ म्हणायची सोय नाही त्याला विचारणं म्हणजे हुकूमच देणं.

हे पुण्यात, नागपुरात, सांगलीत होतं. आणि तेच, सव्वानऊ कोटींच्या आकड्याखाली, ऑर्लँडोत झालं. 2000 चा हंगाम सुरू झाला तेव्हा हिलच्या शस्त्रक्रियेला जेमतेम सहा महिने झाले होते. तरी तो मैदानात उतरला. चार सामने, आणि घोटा पुन्हा गेला. माझं बोट या चार सामन्यांवर आहे. हिलचा पहिलाच हंगाम, नवीन तारा, विकलेली तिकिटं, खेळाडूला स्वतःला सिद्ध करायची घाई, आणि ‘अजून सहा महिने थांबा, ही माझी सही’ असं म्हणायचा अधिकार असलेला माणूस कुठेच नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, सात मिनिटं उरली म्हणतायत. मग दोषाची वाटणी भराभर करते.

खेळाडू. त्याच्यावर सगळ्यात कमी दोष. त्याला उतरायचं होतं, पण प्रत्येक खेळाडूला उतरायचंच असतं. म्हणून तर निर्णय त्याच्यावर सोडायचा नसतो.

व्यवस्थापन. सहीसाठी दोष नाही, पण दुसरी योजना नव्हती याचा दोष आहे. लोक म्हणतात विमा होता ना. जखमी खेळाडूच्या पगाराचा मोठा वाटा विम्यातून परत येऊ शकतो हे खरं, पण त्यानं मालकाचा खिसा वाचतो. पगाराची मर्यादा मोकळी होत नाही. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून धरलेल्या जागेसारखं आहे हे. त्या माणसाचे तिकिटाचे पैसे परत केले तरी रुमाल तिथेच, आणि तुम्ही उभे. 2000-01 मध्ये मर्यादा होती 3 कोटी 55 लाख डॉलर आणि एकट्या हिलच्या पहिल्या वर्षाचा पगार साडेशहाण्णव लाख, चौथ्या हिश्शाहून जास्त, वर दरवर्षी वाढता. लीग अशा वेळी थोडी सवलत देते, पण त्या पैशात दुसरा हिल येत नाही. म्हणून मॅकग्रेडी एकटा ओढत राहिला, 2003 मध्ये सामन्यामागे 32 गुण करून लीगमध्ये पहिला आला तरी संघ पहिल्या फेरीच्या पुढे गेला नाही. मग 2003-04 च्या हंगामात पहिला सामना जिंकून पुढचे सलग 19 हरले. त्यातच रिव्हर्स गेले, काही महिन्यांत गॅब्रिएल यांचं पद गेलं, उन्हाळ्यात मॅकग्रेडी ह्यूस्टनला गेला. शिक्षा झाली ती सही करणाऱ्याला आणि प्रशिक्षकाला. खेळाडूला कधी उतरवायचं याची पद्धत तशीच राहिली.

वैद्यकीय बाजू. हा माझा मुख्य मुद्दा होता आणि यालाच वेळ उरला नाही. हिल 2007 मध्ये फिनिक्सला गेला, किरकोळ पगारावर, पस्तिशीला टेकलेला. तिथे पहिल्या हंगामात 70 सामने, दुसऱ्यात 82 पैकी 82, मग 81, मग 80. घोटा तोच. तिथल्या प्रशिक्षण-चमूचं श्रेय हिलनं स्वतः जाहीरपणे दिलं आहे. ते फक्त दुखऱ्या जागेकडे बघत नसत. कंबर, मांडी, चालण्याची ढब, पाऊल जमिनीवर कसं पडतं, हे सगळं तपासून मग मैदान. मोठी शस्त्रक्रिया होऊन वर्षं लोटली होती, हेही खरं, आणि ते माझ्याच बाजूचं आहे : वेळ दिला की शरीर ऐकतं.

आता नियम. लीगनं यातून धडा घेतला तो पैशांपुरता. हमीचा करार जास्तीत जास्त सात वर्षांचा होता, तो 2005 मध्ये सहा आणि 2011 मध्ये पाच वर्षांवर आणला. एम्बीडला पायाच्या हाडासाठी फिलाडेल्फियानं 2014 ते 2016 अशी दोन पूर्ण वर्षं बसवून ठेवलं, तेव्हा लोक हसले होते. 2017 मध्ये त्याला पाच वर्षांचे 14.8 कोटी दिले तेव्हा जुन्या दुखापतीसाठी संघाला संरक्षण देणाऱ्या अटी करारात घातल्या गेल्या. 2023 मध्ये तोच लीगचा सर्वोत्तम खेळाडू. थांबण्याचा आणि नीट लिहिलेल्या कराराचा फायदा दोन्हीकडे झाला. मला एकच कलम अजून हवं आहे, अमेरिकेतल्या करारातही आणि आपल्या जिल्हा संघटनांच्या नियमावलीतही : दुखापत झालेला खेळाडू परत कधी उतरेल हे संघाच्या पगारावर नसलेल्या डॉक्टरनं लिहून द्यायचं, आणि ते प्रशिक्षक, मालक किंवा खुद्द खेळाडूला बदलता येणार नाही. शालेय स्पर्धेत तर हे उद्यापासून करता येईल, त्याला सव्वानऊ कोटी लागत नाहीत, एक छापील फॉर्म लागतो. तो मी आणला आहे, मागच्या टेबलावर ठेवला आहे, शिक्षक मंडळींनी जाताना घेऊन जावा.

वेळ संपली. समोर दोन ऑर्थोपेडिक डॉक्टर बसले आहेत आणि माझं बोलणं चालू असताना एक जण दोनदा मान हलवत होते. पहिला प्रश्न त्यांचाच घेते.