हाडं खाणारं गिधाड

(दृश्य: स्पिती खोरं, हिमाचल प्रदेश. किब्बर गावाच्या वरचा बर्फाळ उतार.)

हिमबिबट्यानं मारलेला हा भरल, म्हणजे हिमालयातली रानमेंढी. बिबट्या जेवून गेला, मग कोल्हे आले, हिमालयी गिधाडांनी उरलंसुरलं मांस ओरबाडलं. आता राहिलाय नुसता सांगाडा. जेवणावळ संपली म्हणायची, तेवढ्यात हा येतो.

लॅमरगायर, म्हणजे दाढीवालं गिधाड. पंखांचा पसारा अडीच मीटरच्या आसपास, शेपटी पाचरीसारखी, चोचीखाली राठ काळा झुपका. आणि डोकं? पिसांनी भरलेलं. मढ्यात मान खुपसायची वेळ याच्यावर क्वचितच येते, कारण याचं मुख्य अन्न म्हणजे हाडं.

लहान हाडं तो अख्खी गिळतो. मोठं हाड पायांत धरून उंच नेतो आणि खडकावर सोडून देतो. फुटलं नाही? पुन्हा उचलायचं, पुन्हा वर! अशा ठरलेल्या खडकांवर हाडांच्या कपच्यांचा सडा पडलेला असतो. पुढचं काम पोटातलं जहाल आम्ल करतं; साधारण दिवसभरात हाड विरघळतं. सौदा तोट्याचा वाटेल, पण तसा नाही. हाडाच्या पोकळीत चरबी असते, आणि इथल्या थंड, कोरड्या हवेत हाड महिनोन्‌महिने टिकतं. शिवाय त्यावर फारसं कुणी हक्क सांगायला येत नाही.

छातीवरचा हा तांबूस रंग मात्र उसना. लोहयुक्त चिखलात अंग घोळून तो मिळवलेला. चिखलच न मिळालेला पिंजऱ्यातला पक्षी पांढरा राहतो. आणि नटतात नर-मादी दोघंही!

अंडी घालायची ती भर हिवाळ्यात, कड्याच्या कपारीत. वेडेपणा वाटतो, पण हिशेब पक्का आहे. पिल्लाला हाडं नाही, मांस लागतं. आणि ते अंड्यातून बाहेर येतं तेव्हा थंडीनं किंवा हिमकडा कोसळून मेलेली जनावरं वितळत्या बर्फातून उघडी पडू लागतात.

आल्प्समध्ये मात्र या पक्ष्यावर कोकरं, अगदी लहान मुलंही पळवल्याचा आळ आला. माणसांनी बक्षिसं लावून त्याला मारलं. १९१३च्या सुमारास तो तिथून संपला. १९८६पासून पिंजऱ्यात वाढवलेली पिल्लं सोडायला सुरुवात झाली, आणि १९९७मध्ये आल्प्सच्या कड्यावर पुन्हा एक पिल्लू उडालं.

मधे अकरा वर्षं गेली, त्याला कारण आहे. दोन अंडी असली तरी जगतं बहुधा एकच पिल्लू, आणि ते स्वतः वीण करायला लागेपर्यंत सात-आठ वर्षं सहज जातात. म्हणून मढ्यात कुणी कालवलेलं विष किंवा दरीवरून ओढलेली विजेची तार, यांनी गेलेला एकेक जाणता पक्षी इथं महाग पडतो.