चोच माशांसाठी, मरण हरणातून

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय ते स्टेलरच्या समुद्री गरुडाविषयी. जगातल्या सर्वांत वजनदार गरुडांपैकी हा एक. मादी नरापेक्षा मोठी, पार नऊ किलोपर्यंत भरते, आणि पंखांचा विस्तार दोन मीटरच्या पुढे. अंग काळपट तपकिरी. खांदे, मांड्या अन् शेपूट पांढरीशुभ्र. पण नजर खिळते ती चोचीवर. पिवळीधमक, उंच, टोकाला खाली वाकलेली. एवढी अवजड चोच फार थोड्या गरुडांना लाभली आहे.

घरटी बांधायची ती रशियाच्या अतिपूर्वेला: कामचात्का, ओखोत्स्क समुद्राचा किनारा, अमूर नदीचा खालचा भाग. सामन मासे नद्यांत चढू लागले की याची चंगळ. हिवाळ्यात या गरुडांतले बरेचसे दक्षिणेला, जपानच्या होक्काइदो बेटावर उतरतात. तिथं शिरेतोको द्वीपकल्पाजवळ समुद्रावर बर्फाच्या लाद्या तरंगत येतात, त्यांवर बसून हे गरुड मासे फाडतात, एकमेकांच्या तोंडचा घासही पळवतात.

मला काळजी वाटते ती याच हिवाळ्याची. गेल्या शतकाच्या अखेरीस तिथली माशांची आवक घटली आणि गरुड किनारा सोडून आत, जंगलाकडे वळले. तिथं शिकाऱ्यांनी मारलेल्या हरणांचे अवशेष पडलेले असत. शिशाची गोळी हरणाच्या अंगात शिरली की फुटते, तिचे बारीक कण मांसात विखुरतात. शिकारी चांगलं मांस नेतो, जखमेभोवतीचं टाकून देतो. कातडी तिथंच उघडी पडलेली, त्यामुळे गरुडही नेमका तिथूनच खायला लागतो. पोटातल्या आम्लात शिसं विरघळतं, रक्तात उतरतं. मग त्याला उडता येत नाही, उभंही राहता येत नाही. एवढा बलवान पक्षी असा खितपत मरावा, हे मला सहन होत नाही.

होक्काइदोनं 2000 पासून हरणांच्या शिकारीत शिशाच्या रायफल-गोळ्यांवर बंदी आणली, पुढे ती आणखी कडक केली. तरी विषबाधा झालेले गरुड त्यानंतरही सापडत राहिले. खरं तर तांब्याच्या गोळीनंही हरीण पडतं. असं असताना शिशाचा हट्ट कशासाठी, याचं पटेल असं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. नमस्कार.