तव्यावरून थेट हातात

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या गल्लीत एक काकू आहेत. हॅम्बर्गर म्हटलं की त्या दोन पावलं मागं सरायच्या. हॅम म्हणजे डुकराचं मांस, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. हॅमचा तो अर्थ खरा आहे, पण इथं त्याचा काही संबंध नाही. जर्मनीत हॅम्बुर्ग नावाचं बंदराचं शहर आहे. कोल्हापूरची ती कोल्हापुरी, तसा हॅम्बुर्गचा तो हॅम्बर्गर. पुन्हा सांगते, नाव शहरावरून आलंय, डुकरावरून नाही.

तिकडच्या लोकांबरोबर खिम्याची वडी अमेरिकेत गेली आणि तिथं तिला पावाची जोड मिळाली. १९२१ साली कॅन्सस राज्यातल्या विचिटा गावात व्हाइट कॅसल नावाचं छोटं दुकान निघालं आणि बर्गर हे रोजचं खाणं झालं. अमेरिकेत तो गाईच्या मांसाचा असतो. मॅकडोनाल्ड्स १९९६ साली दिल्लीत आलं, तेव्हा गाय आणि डुक्कर दोन्ही वगळून आलं. बटाट्याच्या टिक्कीचा बर्गर आपल्या पोरांना ठाऊक झाला तो त्यानंतर. इतिहास एवढा पुरे, कारण मला आज तव्याविषयी बोलायचंय.

चांगल्या बर्गरला दोन गोष्टी लागतात. मोकळा खिमा आणि भाजलेला पाव. मोकळा खिमा, भाजलेला पाव. हे मी कशी शिकले ते सांगते.

आमची लेक संभाजीनगरला शिकते. मैत्रिणींबरोबर निराला बाजारात कुठंतरी तिनं बर्गर खाल्ला आणि तो तिच्या जिभेवर बसला. दिवाळीच्या सुट्टीला तपोवन एक्सप्रेसनं परभणीला उतरली, घरी आली, पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाली, "आई, या वेळी घरी बर्गर करू. सगळ्यांना बोलवू." सगळे म्हणजे भाचे, पुतणे, शेजारची दोन पोरं, मिळून अकरा माणसं.

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, माळकरी. आमच्या घरात मटण परसात शिजतं, वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या तव्यावर. त्याला त्यांनी कधी हरकत घेतली नाही आणि आम्हीही तो तवा कधी स्वयंपाकघरात आणला नाही. तेव्हा आत्याबाईंसाठी बटाट्याचं आत, आणि बाकीच्यांसाठी खिम्याचं परसात, असं ठरलं.

सकाळी नऊ वाजता सव्वा किलो बोकडाचा खिमा आणला. मीठ, आलं-लसूण, घरचा काळा मसाला, कांदा, कोथिंबीर, सगळं घातलं आणि परातीत मळायला बसले. आता ऐका, चूक इथं झाली. मी तो भाकरीच्या हातानं मळला. ज्वारीच्या पिठाला स्वतःचा चिकटपणा नसतो. गरम पाणी घालायचं, तळहाताच्या मुळानं रेटायचं, गोळा करायचा, पुन्हा रेटायचं, तेव्हा कुठं भाकरी थापताना काठ चिरत नाहीत. पंचवीस वर्षं माझ्या हाताला हेच वळण. (आणि जाता जाता सांगते, घरात भाकरी थापली जात नाही असं घर मला आजही सुनं वाटतं. पोळी सोपी पडते म्हणून आपण ज्वारी सोडत चाललो आहोत, आणि ज्या रानात ज्वारी पिकते त्याच रानातल्या घरांनी ती सोडावी याचं मला फार वाईट वाटतं.)

असो. तर खिमा दहा-बारा मिनिटं रेटून मळला, छान एकजीव गोळा झाला, मला समाधान वाटलं. डबा फ्रीजमध्ये ठेवला तो संध्याकाळी सात वाजता काढला. वड्या थापल्या, तव्यावर टाकल्या. बघता बघता त्या आक्रसल्या, मध्ये फुगल्या, वडीचा चेंडू झाला. उलथण्यानं दाबावं तर पाणी सुटून चरचर व्हायचं आणि वडी पुन्हा वर यायची. पाव मी तसेच पिशवीतून काढून वापरले होते. रस लागला तसा खालचा पाव लगदा झाला आणि वडी मागच्या बाजूनं निसटून ताटात पडायला लागली. पोरं गुणाची, सगळ्यांनी खाल्लं. लेक म्हणाली, "आई, चव छान आहे गं." नुसती चव छान आहे, एवढंच. तिला काय म्हणायचं नव्हतं ते मला कळलं आणि रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी उरलेली एक वडी कागदात गुंडाळली आणि आमच्या मटणवाल्या चाचांकडे गेले. त्यांच्याकडून आमच्या घरात मटण येतं त्याला दोन पिढ्या झाल्या. त्यांनी वडी मोडली, आत बघितलं, बोटानं चेपली आणि विचारलं, "भाभी, मीठ कधी घातलं?"

म्हटलं, सकाळी.

"आणि मळलं किती?"

म्हटलं, भाकरीसारखं.

चाचा म्हणाले, "मग तुम्ही कबाब केला. हा शिगेला लावला असता तर सुटला नसता."

आणि मग गिऱ्हाईक थांबवून त्यांनी मला समजावलं. शिगेवरच्या कबाबाला खिमा मीठ घालून मळावाच लागतो, कारण मीठ आणि मळणं यानं मांसातला चिकटपणा बाहेर येतो आणि खिमा शिगेला धरून राहतो. ज्याला तोंडात सुटायचंय, त्या खिम्याला हे दोन्ही चालत नाही. लेकीनं नंतर मला त्या चिकट पदार्थाचं नाव सांगितलं, मायोसिन. मांसातलं ते एक प्रथिन. मिठानं सुटतं आणि दोरीसारखं बांधून टाकतं. नाव लक्षात राहिलं नाही तरी चालेल. मीठ आधी नाही, खिमा मळायचा नाही, हे लक्षात ठेवा.

चाचांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. बोकडाचं मटण मुळात कोरडं, म्हणून खांद्याचं घ्या आणि चरबी मागून घ्या. चार भाग मांस, एक भाग चरबी. आणि मशीनमधून एकदाच काढा, मोठ्या जाळीतून. दोनदा काढला की पीठ होतं.

लेकीची गाडी रविवारी होती. शनिवारी संध्याकाळी पुन्हा शेगडी पेटवली, या वेळी आम्ही घरचेच. खिम्यात काही म्हणजे काही घातलं नाही. एक मूठ खिमा उचलला, दोन तळव्यांत अलगद गोल केला, चपटा केला, पावापेक्षा बोटभर मोठा, कारण तो आक्रसतोच. मध्ये अंगठ्यानं खळगा केला, म्हणजे फुगून चेंडू होत नाही. लोखंडी तवा धूर येईस्तोवर तापवला. वडीवर वरून मीठ आणि चिमूटभर काळा मसाला, आणि लगेच तव्यावर. मग हात मागं. उलथण्यानं दाबायचं नाही, रस निघून जातो. तीन-चार मिनिटांत वडी आपण होऊन तवा सोडते. उलटली तर खालून तांबूस-काळी खरपूस साय धरलेली. तो वास शेजारच्या गच्चीवर गेला असणार, कारण तिथून पोरगं वाकून विचारायला लागलं, "काकू, काय केलंय?"

तिकडे स्वयंपाकघरात आत्याबाई स्वतः उठून पाव भाजत होत्या. पाव आडवा चिरायचा, आतल्या बाजूला लोणी लावायचं आणि तीच बाजू तव्यावर ठेवायची. तिथं सोनेरी पापुद्रा येतो आणि रस पावात लवकर मुरत नाही. त्यांच्या बटाट्याच्या वडीत आम्ही भिजवलेले पोहे आणि डाळव्याचं पीठ घातलं होतं. बटाटा उकडून पूर्ण गार करायचा आणि हातानं जाडसर फोडायचा. गरम कुस्करला की चिकट होतो.

चक्क्यात हिरव्या मिरचीचा ठेचा कालवला, तो पावाला लावला. वर कांद्याची एक चकती, टोमॅटोची एक. बस. लेकीनं दोन्ही हातांत धरून पहिला घास घेतला आणि बोललीच नाही. अर्धा संपल्यावर म्हणाली, "आई, निराला बाजारापेक्षा हा वेगळा आहे. हा आपला आहे." आत्याबाईंनी पाटावर बसून त्यांचा सगळा संपवला आणि दुसऱ्यासाठी पाव भाजायला टाकला. दोन बर्गर डब्यात घालून चाचांकडे पाठवले. तो डबा ईदला शीरखुर्मा भरून परत आला.

आता बाहेर खायचं असेल तर. आत शिरल्यावर भाजलेल्या पावाचा वास येतो का ते बघा. येत नसेल तर पाव भाजत नाहीत, हे समजा. पाव भाजून द्या, एवढं मोकळेपणानं सांगायचं, चांगला माणूस आनंदानं देतो. चार मजली बर्गर मागवू नका. जो तोंडात एका घासात वरपासून खालपर्यंत येत नाही, त्याची चव कळणार कशी? आणि मेयोनीज कमी सांगा. मेयोनीजमध्ये बुडालेला बर्गर मला मनापासून आवडत नाही, त्यात मांसही कळत नाही आणि पावही.

बर्गरचं पार्सल शक्यतो घेऊ नका. बंद डब्यात वाफ धरते आणि पंधरा मिनिटांत पाव ओला होतो. भाकरी तव्यावरून ताटात येते तशी याची गत आहे, तव्यावरून थेट हातात. आणि फोटो खाऊन झाल्यावर काढा. हे मी लग्नाच्या जेवणाविषयीही म्हणते. पंगत गेली, वाढणारा आग्रह गेला, आता हातात ताट घेऊन उभं राहायचं आणि आधी मोबाइल काढायचा. अन्न समोर गरम असताना त्याच्याकडे बघावं, मोबाइलकडे नाही.

एक गोष्ट मात्र काळजीनं सांगते. खिमा आतपर्यंत शिजलाच पाहिजे. मांसाच्या अख्ख्या तुकड्यात जंतू बहुतेक बाहेरच्या बाजूनं असतात, पण खिमा करताना ते सगळीकडे मिसळतात. आत गुलाबी दिसलं तर पुन्हा तव्यावर ठेवा. कोंबडीचा खिमा असेल तर जास्तच लक्ष द्या, आणि तो छातीचा नको, मांडीचा घ्या, कोरडा पडत नाही.

मटण परवडत नसेल तर? अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात एल रेनो नावाचं गाव आहे. शंभरेक वर्षांपूर्वी तिथं मांस महाग आणि कांदा स्वस्त होता. त्यांनी पातळ चिरलेला कांदा मूठमूठ घेऊन तव्यावरच्या वडीत दाबून बसवला. या रीतीत मात्र वडी दाबायची असते, तीही टाकल्या टाकल्या, कच्ची असताना. कांदा वडीबरोबर तांबूस होतो, गोड लागतो, आणि थोड्या खिम्यात घर जेवतं. आपल्याकडे कांद्याचा भाव पडतो त्या दिवसांत हे जरूर करून बघा.

आणि पावाचं. गावातल्या बेकरीत बहुतेक गोड बनपाव असतो, टुटीफ्रुटी घातलेला. तो नको. साधा बिनगोड गोल पाव हवा म्हणून आदल्या दिवशी सांगून ठेवा, ते करून देतात. खिम्याचंही तसंच. रविवारी सकाळी मटणाच्या दुकानात मशीनपुढं रांग असते, तेव्हा शनिवारीच सांगून या. मोठी जाळी, एकदाच.

नमस्कार.