पुण्यात कुठे बर्फ पडतो?

मंडळी, विषय आहे 'गाडीला कूलंट कोणतं घालावं'. कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव. गुडघेदुखीच्या व्याख्यानाला जेवढी गर्दी होती, तेवढी आज नाही. असो. कूलंटही वयाप्रमाणे बदलावंच लागतं.

खंबाटकीपासून सुरू करतो. मे महिना, भर दुपार, साताऱ्याला लग्न. येताना बोगदा होता हो, पण जाताना तेव्हा घाट चुकत नव्हता. अर्ध्यात इंजिनच्या तापमानाचा काटा लालला टेकला. ही म्हणाली, "एसी बंद करा." मी केला नाही. पुढच्या रांगेतल्या काकू हसताहेत, त्यांच्याही घरी असंच दिसतंय. शेवटी बोनेटमधून वाफ! उतरलो आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. मागच्या ट्रकचा क्लीनर ओरडला, "काका, हात काढा!" आत शंभर अंशांच्या वरचं पाणी दाबाखाली असतं; झाकण सुटलं की सगळं तोंडावर. त्या पोरानं माझा चेहरा वाचवला. आता आहे तो असा आहे, पण वाचला. गाडी निवेपर्यंत थांबलो, टपरीवरचं बोअरचं पाणी भरलं. पोचलो तेव्हा शेवटची पंगत उठत होती.

खरं दुःख पुढेच. गॅरेजवाला म्हणाला, "हिरवं कूलंट संपलंय, लाल टाकतो. सगळं सारखंच." चार महिन्यांनी कूलंटच्या टाकीत बघतो तर चहाच्या रंगाचा गाळ! वर बोअरच्या पाण्याचा खार, जसा गिझरच्या कॉइलवर धरतो तसा. रेडिएटर बदलावा लागला.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं. मूळ विषय राहिलाच की! भराभर सांगतो.

कूलंट म्हणजे पाणी गोठू नये म्हणून, असं म्हणतात. पण पुण्यात कुठे बर्फ पडतो, मग कूलंट कशाला? गंजासाठी. आणि उकळू नये म्हणून. निम्मं ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधला मुख्य द्रव, आणि निम्मं पाणी घेतलं तर उकळणं शंभरच्या पुढे जातं, शिवाय झाकणाचा दाब ते आणखी वर नेतो. पण नुसतं ग्लायकॉल ओतू नका, ते पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही.

रंगावर जाऊ नका, तो कंपनीच्या मर्जीचा. बघायचं ते गंजरोधक. सिलिकेट-फॉस्फेटवालं जुनं कूलंट दोनेक वर्षांत दमतं, ऑरगॅनिक ॲसिडवालं साधारण पाच वर्षं जातं. दोन्ही एकत्र केली की कधी गाळ होतो. नाही झाला तरी पाच वर्षांवालं लवकर दमतं. आपल्या गाडीला कुठलं, ते पुस्तिकेत छापलेलं असतं. ग्लोव्ह बॉक्समध्ये असते बघा, अजून पिशवीतच असेल. प्रकार बदलायचा तर आधी सगळं काढून फ्लशिंग, म्हणजे आतून धुऊन घ्यायचं. जमिनीवर सांडलं तर लगेच धुवा, चवीला गोड असतं, कुत्री चाटतात आणि मरतात.

काय म्हणालात आजोबा? कूलंटमध्ये मिसळायला प्यायच्या बाटलीतलं पाणी? नाही, त्यातही क्षार असतात. बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड वॉटर घ्या. आणि तयार मिश्रणाचा डबा आणलात तर तेही नको, त्यात पाणी आधीच असतं.