रिजेक्ट ओळींचं रजिस्टर

श्रोतेहो, नमस्कार.

रेडिओशी माझ्या धंद्याचं नातं जुनं आहे. विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या त्या १ नोव्हेंबर १९६७ रोजी, मुंबई, पुणे आणि आपल्या नागपूरहून. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मी सीताबर्डीवरच्या एका दोन खोल्यांच्या ऑफिसात कॉपी, म्हणजे जाहिरातींचा मजकूर, लिहायला लागलो. तेल, पापड, कूलर, मंगल कार्यालयं, बारावीचे क्लासेस, काय काय विकलं! पण आज विकण्याबद्दल बोलायचं नाही. जाहिरातीच्या ऑफिसात जे शहाणपण साठतं ते नेमकं कुठे राहतं, आणि माणूस गेला की त्याचं काय होतं, याबद्दल थोडं बोलतो.

आमच्याकडे एक भाऊ होते. पोरवयापासून होर्डिंग रंगवायचे, पुढे लेआउट करू लागले. मे महिन्याच्या उन्हात फ्लेक्सचा लाल रंग सगळ्यात आधी उडतो, म्हणून दुकानाचं नाव लाल अक्षरांत नको, हे त्यांचं पक्कं. व्हरायटी चौकात सिग्नलला थांबलेला स्कूटरवाला किती शब्द वाचतो, हेही त्यांना ठाऊक. भाऊ निवृत्त झाले तेव्हा शाल, श्रीफळ, समोसे सगळं झालं. त्यांच्या कपाटातल्या फाइली आम्ही मोठ्या हौसेनं कॉम्प्युटरवर चढवल्या आणि वाटलं, भाऊंचं सगळं ज्ञान आता आपल्याकडे आलं.

पुढच्याच वर्षी शेतीच्या मोटारपंपाची जाहिरात आली. मी स्वतः लिहिली आणि आजही सांगतो, चांगली लिहिली होती. सप्टेंबरात छापली, रेडिओवरही वाजवली. दुकानदाराचा फोन काही वाजला नाही. शेवटी मी महाल भागात भाऊंच्या घरी गेलो. ते म्हणाले, "काहून रे, सप्टेंबरात कास्तकाराच्या हातात पैसा असते का? कापसाची सीतादही, पहिली वेचणी तरी होऊ द्यायची. आन् काटोल-वरुडकडे विकायचं असंल, तर आंबिया बहाराचा संत्रा झाडावरून उतरू द्या आधी."

मी म्हणालो, "भाऊ, हे तुम्ही कधी बोलला नाहीत."

"मी दर साली काम लांबवत होतो. तुम्ही म्हणायचे, भाऊ उशीर करून राहिले."

मला घरी येईपर्यंत ते वाक्य सुटलं नाही. भाऊंच्या ज्ञानाला आम्ही आळस समजत होतो!

मायकेल पोलान्यी नावाच्या विचारवंतानं म्हटलंय की माणसाला जेवढं सांगता येतं त्याहून जास्त ठाऊक असतं. असलं ज्ञान फाइलीत उतरत नाही, ते शेजारी बसून उचलावं लागतं. जपानच्या मात्सुशिता कंपनीला घरगुती पाव भाजायचं यंत्र करायचं होतं आणि पाव काही केल्या जमेना. तेव्हा त्यांच्या एक तंत्रज्ञ बाई ओसाकातल्या एका हॉटेलच्या मुख्य पाववाल्याच्या हाताखाली शिकायला गेल्या. तो कणीक नुसती ओढत नाही, ओढता ओढता तिला पीळही देतो, हे त्यांच्या नजरेला पडलं. त्याला विचारलं असतं तर कदाचित त्यानं सांगितलं नसतं. लपवायचं म्हणून नव्हे, आपण पीळ देतो हे त्याच्या गावीही नसेल.

आमच्या धंद्यात हे बिल बर्नबाख यांनी ओळखलं. १९४९ साली त्यांनी न्यूयॉर्कमध्ये भागीदारांबरोबर एजन्सी काढली. तोवरची रीत अशी, की लिहिणाऱ्यानं मजकूर लिहून वरच्या मजल्यावर पाठवायचा आणि चित्रकारानं त्याला चित्र जोडायचं. बर्नबाख यांनी दोघांना एका खोलीत बसवलं. पुढे १९५९ मध्ये छोट्याशा फोक्सवॅगन गाडीची ती गाजलेली जाहिरात निघाली, पांढऱ्या पानावर एवढीशी गाडी. तिथे शब्द कुठे संपतात आणि चित्र कुठे सुरू होतं, हे वेगळं काढता येत नाही.

पण म्हणून सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवा, असंही नाही. ब्रेनस्टॉर्मिंगची पद्धत रूढ केली अॅलेक्स ऑसबर्न यांनी, तेही जाहिरातवालेच. १९५८ साली येल विद्यापीठात तिची परीक्षा झाली. चार माणसं एकत्र बसली त्यापेक्षा चार माणसं वेगवेगळी बसून मिळून जास्त कल्पना काढतात, आणि त्या बऱ्याही असतात, असं दिसलं. तरी आजही साहेबांना भरलेलं टेबल दिसलं की बरं वाटतं. चहा-बिस्किटांचा खर्च मात्र खरा होतो.

भाऊंच्या त्या प्रकरणानंतर आम्ही एक जाड रजिस्टर आणलं. त्यात पास झालेल्या जाहिराती लिहायच्या नाहीत, त्या तर सगळ्यांना दिसतातच. लिहायच्या त्या रिजेक्ट झालेल्या ओळी, आणि पुढच्या रकान्यात कारण. क्लायंट जे बोलला ते, त्याच्याच शब्दांत. कूलरच्या एका जाहिरातीसाठी मी लिहिलं होतं, "आवाज नाही, फक्त गारवा." कूलरवाल्यानं ते जागीच मोडीत काढलं. रजिस्टरात त्याचं म्हणणं असं आहे: "नागपूरचा माणूस कूलरच्या आवाजात झोपतो. आवाज बंद झाला की उठून पाहतो, लाइन गेली काय."

सात-आठ वर्षं ती नोंद तशीच पडून होती. गेल्या वर्षी ऑफिसात एक मुलगी नव्यानं लागली. तिच्याकडे इन्व्हर्टरच्या दुकानाचं काम आलं. दोन दिवस ती एकटीच कोपऱ्यात बसून रजिस्टर चाळत होती, मी मुद्दाम हटकलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं रेडिओचा स्पॉट ऐकवला. दहा सेकंद नुसती कूलरची घरघर. मग ती थांबते. शांतता. आणि अख्खं घर एकेक करून जागं होतं. आजी, बाबा, लहानगं पोर. शेवटी अंधारातून एक पोट्टा ओरडतो, "लाइन गेली काय बे?" मग दुकानाचं नाव, बस.

दुकानदारानं एकदा ऐकून पास केला. मी तो भाऊंना फोनवर ऐकवला. पलीकडे जरा वेळ आवाज नाही. मग म्हणाले, "चांगला आहे. पण एप्रिल लागायच्या आत वाजवू नका."