शेवटचं बरं कधी पाहिलंत?

[दृश्य : पहाटेचा अंधार. निफाडच्या बाजूची द्राक्षबाग. ओळींमधून शेकोट्या. लांबून मोटारीचा आवाज.]

निवेदन :

थंडीत निफाडचा पारा उतरला, की द्राक्ष बागायतदाराला झोप नसते. मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटतात. रात्री-अपरात्री लाईट आली, की उठून मोटार चालू करायची.

समजा, अशाच एका घरातले साठीचे भाऊ पहाटे साडेपाचला पडवीत पडलेले दिसले. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात लुळा, बोलायला जातात तर शब्द फुटत नाही. घरातली म्हातारी कपाळाला हात लावते : अंगावरून वारं गेलं.

वारं गेलं म्हटलं, की माणूस हातपाय गाळतो. वाऱ्याला कोण अडवणार? पण इथे वाऱ्याचा संबंध नाही. हा पक्षाघात आहे. मेंदूला रक्त पोचवणाऱ्या नळीत गुठळी अडकली आहे, नाहीतर नळी फुटली आहे. गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन आहे.

[दृश्य : मुंबई-आग्रा महामार्ग. नाशिककडे धावणारी १०८ची रुग्णवाहिका. पाट्या मागे पडतात : ओझर, आडगाव.]

नाशिकच्या कॅज्युअल्टीत डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न : "यांना शेवटचं बरं कधी पाहिलंत?"

सगळे एका सुरात म्हणतात, साडेपाच. साडेपाचला तर भाऊ सापडले. बरे कधी होते? रात्री दहाला जेवून झोपले तेव्हा. मग घड्याळ दहापासून सुरू. त्या इंजेक्शनची मुदत साधारणपणे साडेचार तासांची. १९९५ मध्ये त्याचा गुण पहिल्यांदा नीट सिद्ध झाला तेव्हा ती तीनच तासांची होती. २००८च्या अभ्यासानंतर साडेचारवर आली. दहापासून मोजलं तर पहाटे अडीचलाच खेळ संपला.

तेवढ्यात मुलगा भाऊंचा मोबाईल काढतो. कॉल लिस्टमध्ये ३ वाजून ४० मिनिटांनी शेजारच्या मळ्यात फोन केलेला. त्यांना विचारलं तर ते म्हणतात, "हो, लाईट आली, मोटार टाक म्हणाले. आवाज एकदम खणखणीत होता."

म्हणजे मुदत आता आठ वाजून दहा मिनिटांपर्यंत लांबली. आता वाजलेत पावणेसात.

[दृश्य : सीटी स्कॅनच्या खोलीचा दरवाजा बंद होतो. बाहेर बाकावर मफलर गुंडाळलेली माणसं.]

पुढची कामं यंत्रांची. साखर तपासायची, कारण साखर फार उतरली तरी माणूस असाच दिसतो. सीटी स्कॅन काढायचा, कारण नळी फुटून रक्तस्राव झाला असेल तर हेच इंजेक्शन जिवावर बेतेल. मोठ्या नळीतली गुठळी असेल तर मांडीतून तार घालून ती ओढून काढता येते. निवडक रुग्णांत त्यासाठी चोवीस तासांपर्यंतही वेळ मिळतो. म्हणून उशीर झाला तरी "आता काय उपयोग" म्हणून घरी बसू नये.

आणि जिथे सीटी स्कॅन नाही तिथे थांबूही नये. माझ्या मामांना आम्ही जवळचं म्हणून एका छोट्या दवाखान्यात नेलं होतं. सलाईन लावलं, मोठे डॉक्टर दुपारी येतील म्हणाले. आम्हीही निमूट बसून राहिलो. मामा आजही डाव्या हाताने जेवतात.

[दृश्य : सुरगाण्याकडून येणारा घाटरस्ता. एसटी वळण घेते.]

निफाड तसं जवळ. सुरगाणा, पेठ, कळवणच्या वरच्या पाड्यांवरून निघालेल्या माणसाचे दोन-अडीच तास रस्त्यातच जातात. महाराष्ट्राचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये इथे नाशकात सुरू झालं, आज ते म्हसरूळला आहे. पेठचा रस्ता तिथून काही लांब नाही, तरी ही अवस्था, एवढंच म्हणतो. निघताना रेशनकार्ड आणि आधार पिशवीत टाका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात तेच आधी मागतात.

[दृश्य : लासलगाव बाजार समिती. कांद्याचे ट्रॅक्टर, लिलावाचा गलका.]

लासलगावला कांदा किती, हे सांगायला नको. आपल्याकडे फिट आली, की हाच कांदा नाकाला लागतो. कांदा नसेल तर चप्पल. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते, आणि श्रेय कांद्याला जातं! असं कांद्याने कमावलेलं नाव पुसणं अवघड आहे.

करायचं ते सोपं आहे. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा. दातांत चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका. घड्याळ बघा. पाच मिनिटं उलटली आणि फिट थांबली नाही, तर १०८ला फोन.

आणि कोणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढा. हे ऐकून घरातले चिडतात : "पोरगं तडफडतंय आणि शूटिंग कसलं करता?" पण मेंदूविकारतज्ज्ञाला त्या अर्ध्या मिनिटात जे दिसतं, ते पुष्कळदा ईईजीत, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखातही, सापडत नाही. मान कुठल्या बाजूला वळली? आधी एकच हात उडत होता की दोन्ही? डोळे उघडे होते की मिटलेले? जर्मनीच्या हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतल्या विजेचा पहिला आलेख काढला. पण आजही साधी ईईजी म्हणजे तासाभराच्या आतली नोंद. फिट त्या तासात येईलच असं नाही. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे मिरगी नाही, असं होत नाही.

नियमित गोळ्यांनी शंभरातल्या सत्तर जणांच्या फिट आटोक्यात राहू शकतात. गोळी चुकते ती उपवासाला आणि लग्नकार्यात. मुलीचं स्थळ मोडेल म्हणून गोळ्या लपवून ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. हिंदू विवाह कायद्यातून मिरगीची अट १९९९ मध्येच गेली. सोयरिकीच्या बैठकीतून जायची आहे.

[दृश्य : कॉलेज रोड. फ्लेक्सवर मेंदूचं चित्र, खाली सवलतीचा दर.]

हल्ली मेंदूच्या तपासणीची पॅकेजं निघाली आहेत. काही त्रास नसताना हौसेने एमआरआय काढला, तर त्यात एखादा निरुपद्रवी पांढरा ठिपका सापडतो आणि माणूस सहा महिने झोपत नाही. मेंदूची निम्मी तपासणी ब्लड प्रेशरच्या पट्ट्यात असते. मग साखर, बी-१२, थायरॉईड. ऐकू नीट येतं का, झोपेत घोरताना श्वास अडकतो का. अक्षर बारीक होत चाललंय का, चालताना एक हात हलायचा थांबलाय का, हेही कंपवाताच्या थरथरीआधी दिसू शकतं. बघतं कोण? घरचंच माणूस.

[दृश्य : पंचवटीतला वाडा. खिडकीतून गोदाकाठची घंटा ऐकू येते. नंतर ओपीडीची खोली. सासूबाई खुर्चीत, सून शेजारी उभी.]

विसराळूपणा तपासायला डॉक्टर कागद देतात : घड्याळ काढा, त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. पण जिने आयुष्यात पेन्सिल धरली नाही, तिचं घड्याळ वाकडं आलं म्हणून स्मृतिभ्रंश म्हणायचा का? हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत १९९०च्या दशकात हीच अडचण आली. तिथल्या न शिकलेल्या म्हाताऱ्यांसाठी संशोधकांनी चाचणीच नव्याने बांधली, लिहिण्या-वाचण्याशिवायची.

म्हणून डॉक्टर कागद बाजूला ठेवतात आणि सुनेकडे वळतात. "ताई, तुम्ही सांगा."

सून आधी सासूबाईंकडे बघते. मग हळूच सांगते. दिवाळीपासून एकच प्रश्न तीन-तीनदा विचारतात. मागच्या महिन्यात सीबीएस स्टँडला उतरल्या आणि पंचवटीची बस कुठली ते आठवेना. चाळीस वर्षांची वाट. आमटीत मीठ दोनदा पडतं. डॉक्टर लिहून घेतात. बी-१२ आणि थायरॉईड लिहून देतात, कारण ते कमी असलं तर विसराळूपणा औषधाने सुधारू शकतो. मग विचारतात, "हे पहिल्यांदा कधी जाणवलं? त्याआधी शेवटचं अगदी पूर्वीसारखं कधी होतं?"

सून आठवू लागते. "गणपतीत. एकवीस मोदक एकटीने केले होते."

सासूबाई पदर सावरतात. "हिला काय विचारता डॉक्टर? ही मीठ घालायलाच विसरते, म्हणून मी घालते."

डॉक्टर तेही लिहून घेतात.